दशांश, दानपेटी आणि पाळकांचा पगार: छोट्या मंडळीनं हिशोब कसा ठेवावा

सात-आठ वर्षं झाली असतील, भर पावसाळ्यातली गोष्ट. मी गावातल्या किराणा दुकानात साखर घ्यायला उभा होतो, माझ्या पुढं आमच्या पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नी. दुकानदारानं उधारीची वही उघडली, बोटानं ओळी मोजल्या आणि हळूच म्हणाला, ताई मागचे चार हजार दोनशे बाकी आहेत. बाईंनी पिशवीतून तेलाचा पुडा काढला, काउंटरवर परत ठेवला आणि डाळ-मीठ घेऊन खाली मान घालून निघून गेल्या. तेव्हा मंडळीचा, म्हणजे आमच्या गावच्या चर्चचा, खजिनदार मीच होतो. पाळकांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता कारण आषाढात दान कमी पडलं आणि आम्ही पंचांनी ठरवलं होतं की आलं की देऊ. आणि त्याच दिवशी आमच्या बांधकाम फंडात नव्वद हजार रुपये नुसते पडून होते!

त्या दिवसापासून मी दोनच गोष्टींसाठी कमिटीत भांडत आलोय. पाळकांचा हात मंडळीच्या पैशाला लागायला नको, आणि पाळकांच्या घरची चूल रविवारच्या दानाच्या थैलीकडे डोळे लावून बसायला नको. या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत, एक केली आणि दुसरी सोडली तर गडबड होतेच. खाली जे लिहितोय ते धुळे-नंदुरबार-जळगावकडच्या चाळीस-पन्नास घरांच्या मंडळीला धरून लिहितोय. मोठ्या संस्थेत पगार वरच्या ऑफिसातून होतो, त्यांचं गणित वेगळं, तरी पैसे मोजण्याचा भाग त्यांनाही लागू आहे.

पैसे मोजायची पद्धत आधी बसवा

उपासना संपली की थैली किंवा पेटी तिथंच, देवळातच (चर्चमध्येच) उघडायची. घरी नेऊन नाही, पाळकांना राहायला दिलेल्या मंडळीच्या बंगल्यावर नाही, संध्याकाळी सावकाश मोजू असंही नाही. मोजायला किमान दोन जण, एका घरातले नकोत, म्हणजे नवरा-बायको किंवा बाप-लेक नको, आणि पाळक त्या दोघांत नकोतच. आमच्याकडे तीन जणांचा गट दर महिन्याला बदलतो, त्यात एक बाई असतेच, आणि खरं सांगतो बायका नोटा जास्त नीट मोजतात.

हे काही आजकालच्या ऑडिटवाल्यांनी काढलेलं खूळ नाही. बायबलातलं २ राजे १२ वाचा. मंदिराच्या डागडुजीचे पैसे याजकांच्या हातात वर्षानुवर्षं नुसते येत राहिले आणि डागडुजी काही झाली नाही, मग यहोयादा याजकानं पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि पैसे साठले की राजाचा लेखक आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजायचे. दोघं! प्रेषित पौलानंही करिंथच्या मंडळीची मदत यरुशलेमला न्यायची तेव्हा आपला सहकारी तीत याच्यासोबत आणखी भाऊ पाठवले, एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८). पौलावर कोणाचा अविश्वास होता म्हणून नाही. त्यामुळं कोणी म्हणालं की "आमच्यावर भरोसा नाही का" तर शांतपणे सांगायचं, भरोसा आहे आणि तो टिकावा म्हणूनच दोन जण मोजतोय.

आमच्याकडे असं चालतं. चटई टाकायची, थैली उलटी करायची, आधी पाकिटं बाजूला आणि मग सुट्टे. दहाच्या नोटा घडी घालून घालून पार मऊ झालेल्या असतात, त्या सरळ करून दहा-दहाच्या गड्ड्या, नाणी वेगळी. एका छापील चिठ्ठीवर तारीख, रविवारचं दान किती, दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या भागाची) पाकिटं किती, उपकारस्तुती (आभाराचं दान) किती, एकूण किती, आणि खाली मोजणाऱ्यांच्या सह्या. चिठ्ठीच्या दोन प्रती, एक खजिनदाराकडे आणि एक सेक्रेटरीकडे. सोमवारी किंवा फार तर मंगळवारी पूर्ण रक्कम बँकेत. यातला "पूर्ण" शब्द महत्त्वाचा आहे. रविवारीच त्यातून पाहुण्यांच्या चहाचे तीनशे, लाईटवाल्याचे पाचशे देऊन उरलेले भरायचे ही सवय अगदी घातक, कारण मग किती आले हे बँकेच्या पासबुकावरून कधीच कळत नाही. खर्चाचे पैसे बँकेतून काढा, व्हाउचर करा, बिल जोडा. किरकोळ खर्चाला दीड-दोन हजार रोख खजिनदाराकडे वेगळे ठेवा, त्याची वेगळी वही.

पाकिटांना नंबर द्या. कोणता नंबर कोणाचा हे खजिनदार आणि अजून एक जण, दोघांनाच माहीत. कोणी किती दिलं हे पाळकांनाही सांगू नका. हा नियम बऱ्याच जणांना पटत नाही, पण पाळकांना एकदा कळलं की अमुक शिक्षक महिन्याला पाच हजार देतो आणि अमुक मजूर पन्नास, की मग आजारपणात आधी कोणाच्या घरी जायचं या विचारात माणूस म्हणून त्यांची परीक्षा होते. त्यांना त्या परीक्षेत टाकायचंच कशाला? आणि वर्षाच्या शेवटी नावं वाचून कोणी किती दिलं ते सांगायची जी रीत काही ठिकाणी आहे ती कृपा करून बंद करा. आमच्याकडे एक आजी येते, लुगड्याच्या पदराला गाठ मारून आणते, गाठ सोडते, वीस रुपये काढते आणि म्हणते, "भाऊ, हाऊ मना दशांश शे, लिखी ले." ते वीस रुपये यादीत सगळ्यात खाली वाचले जाणार असतील तर ती पुढच्या वर्षी येणार नाही.

पावती मात्र मागेल त्याला नाही, प्रत्येक पाकिटाला द्यायची. महिन्याची एकूण जमा आणि एकूण खर्च नावं न लिहिता नोटीस बोर्डावर लावा. आम्ही हे सुरू केलं तेव्हा पहिले तीन महिने खूप प्रश्न आले, नंतर प्रश्न कमी झाले आणि दान वाढलं.

दशांश नेमका कशावर

हा वाद प्रत्येक हंगामात होतो. नोकरदाराचं सोपं आहे, पगार हातात आला की दहावा भाग. शेतकऱ्याचं तसं नाही. समजा कुणाचा वीस क्विंटल कापूस झाला, हिशोबाला सात हजाराचा भाव धरू, म्हणजे एक लाख चाळीस हजार. पण बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणीची मजुरी मिळून ऐंशी हजार गेले तर हातात साठ हजार. मग दशांश चौदा हजार की सहा हजार? माझं मत स्पष्ट आहे, मंडळीनं हा हिशोब करायच्या भानगडीत पडूच नये. शिकवण द्यावी, पूर्ण दशांश आणा असं सांगणारं मलाखी ३ वाचावं आणि त्यासोबत २ करिंथ ९ पण वाचावं, की बळजबरीनं नाही, मनात ठरवल्याप्रमाणं आनंदानं, आणि मग घरच्यांवर सोडावं. कोणाच्या शेतावर जाऊन किती क्विंटल झाला विचारणारा पंच मी बघितलाय, त्या घरानं देवळात येणंच सोडलं.

एक गोष्ट मात्र आपल्या भागात नक्की सांगायला हवी. नवापूर, साक्री, नंदुरबारकडची कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात. ती उचल एकदम हातात येते, मोठी रक्कम दिसते, आणि काही साधेभोळे लोक त्यातून दशांश आणून देतात. अहो उचल हे कर्ज आहे, अंगावरचं, कोयत्यानं फेडायचं! ते उत्पन्न नाही. खजिनदारानं अशा वेळेस प्रेमानं सांगावं की दादा, आत्ता राहू द्या, फिटल्यावर जे उरेल त्यातून द्या. तसंच सावकाराचं किंवा सोसायटीचं कर्ज काढून बांधकामाला वर्गणी द्या असं कोणाला सांगू नका.

धान्य, कोंबडी, अंडी, केळीचा घड असं जे येतं त्याचीही नोंद वहीत झालीच पाहिजे. हंगामाच्या सणाला अशा आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो त्याचं तर एका वहीत ओळीनं लिहा, वस्तू काय, कोणी घेतली, किती बोली, पैसे आले का बाकी. लिलावाच्या उत्साहात पाचशेला घेतलेला भोपळा आणि मग चार महिने न आलेले पाचशे, हे आमच्याकडे इतक्या वेळा झालंय की आता त्याच दिवशी पैसे नाहीतर बोली धरत नाही.

पगार ठरवताना वर्ष धरा, महिना नाही

आजोबांच्या काळात पाळकांचा पगार मिशनच्या बंगल्यातून यायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलायन्स मिशनचे परदेशी मिशनरी आपल्याकडे काम करत होते, शाळा, दवाखाने, उपदेशक, सगळं त्यांच्या पैशावर चालायचं, त्यामुळं पाळकांना पोसणं हे आपलं काम आहे ही सवयच आपल्या लोकांना उशिरा लागली. आता मिशन नाही, पण "कुठून तरी येईल" हा विचार अजून आहे.

आणि आपल्या भागातलं उत्पन्न हप्त्याहप्त्यानं येत नाही. कापूस दिवाळीनंतर विकला जातो, काही जण भाव वाढायची वाट बघत घरात भरून ठेवतात आणि संक्रांतीनंतर काढतात. नंदुरबारकडं मिरचीचा पैसा थंडीत. रावेर-यावलला केळीचा बारा महिने थोडा थोडा. भुसावळला रेल्वेवाले, सगळीकडे शिक्षक आणि नर्सा, यांचं दर महिन्याला. ऊसतोडीवाले होळीच्या आसपास परत यायला लागतात. जून ते सप्टेंबर बहुतेक घरात पैसा शेतात गेलेला असतो आणि शाळेची फी पण तेव्हाच. मग पाळकांचा पगार महिन्याच्या दानावर ठेवला तर दरवर्षी पावसाळ्यात त्यांची उपासमार ठरलेलीच.

म्हणून मागच्या तीन वर्षांची जमा काढा, सरासरी घ्या, बारानं भागा. एक उदाहरण मांडतो. पंचावन्न घरांची मंडळी, त्यातली बारा घरं नोकरदार, सरासरी दीड हजार महिना, म्हणजे वर्षाचे २,१६,०००. रविवारचं दान बाराशे धरलं तर ६२,४००. कापूस आणि बाकी शेतीचे दशांश १,१०,०००. हंगामाच्या सणाचा लिलाव ३५,०००. नाताळ आणि उपकारस्तुती २६,६००. बेरीज साडेचार लाख, महिन्याला साडेसदतीस हजार. आता डिसेंबरात समजा सत्तर हजार आले तर ते "जास्तीचे" नाहीत, ते जुलैचे आहेत हे कमिटीच्या डोक्यात बसलं पाहिजे. पाळकांच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला रंगकाम, साउंड सिस्टीम, कन्व्हेन्शन कशालाही हात लावायचा नाही असा ठराव करा.

मग पगार किती? इथं लोक टक्केवारी विचारतात, मी म्हणतो आधी घर चालवायला किती लागतं ते मांडा. चार माणसांचं घर: किराणा साडेसहा हजार, गॅस नऊशे, दूध अठराशे, शाळा अडीच हजार, वीज सातशे, मोबाईल सहाशे, औषधपाणी हजार, कपडे-सण बाराशे, नातेवाइकांकडे येणं-जाणं हजार. झाले १६,२००. तुमच्या गावात आकडे वेगळे येतील, पण कमिटीतल्या प्रत्येकानं आधी स्वतःच्या घराचा खर्च कागदावर लिहावा आणि मग पाळकांचा आकडा बोलावा. आम्ही हे केलं त्या मिटिंगमध्ये जो भाऊ "आठ हजार पुष्कळ झाले" म्हणायचा त्याच्या स्वतःच्या कागदावर एकवीस हजार निघाले आणि तो पुढं काही बोलला नाही. वरच्या उदाहरणात आपण १६,५०० हातात आणि १,५०० त्यांच्या नावानं बचतीत, असे अठरा हजार धरू. वर्षाचे २,१६,०००, म्हणजे जमेच्या निम्म्याहून थोडं कमी. हे झेपतं.

या मिटिंगला पाळकांनी बसू नये, म्हणजे लोक मोकळं बोलतात. पण त्याआधी दोन वडीलधाऱ्यांनी त्यांच्या घरी जाऊन पाळक आणि पाळकीणबाई दोघांशी बोलून गरज विचारावी. मुलगी बारावीला असेल, आई आजारी असेल, हे ते स्वतःहून कधी सांगणार नाहीत. ठरलेला आकडा ठरावात लिहा, तारीख लिहा, महिन्याच्या एक ते पाचमध्ये, बँकेतून त्यांच्या खात्यात. वीज बिलाच्या आधी, पाहुण्या वक्त्याच्या आधी, सगळ्यात आधी पाळकांचा पगार. पौल ज्या जागी मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नको, कामकऱ्याला त्याची मजुरी मिळायला हवी असं सांगतो (१ तीमथ्य ५) ती वाचली तर यावर वाद राहत नाही. आणि पाळकांशी मतभेद झाले म्हणून पगार अडवणं हे पाप आहे असं मी सरळ म्हणतो. वाद वडीलजनांसमोर सोडवा, लेकरांच्या दुधावर नको.

दरवर्षी एप्रिलमध्ये आकडा पुन्हा बघायचा. पाच-पाच वर्षं तोच पगार ठेवणं म्हणजे महागाईच्या मानानं दरवर्षी कापणंच आहे.

पगारात काय धरायचं नाही तेही लिहून ठेवा. वाड्या-पाड्यावर भेटीला जायचं पेट्रोल हा मंडळीचा खर्च आहे, पाळकांच्या पोटाचा नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर एका रविवारी तीन ठिकाणी उपासना घेणाऱ्या पाळकांचा अर्धा पगार गाडीच पिते. वहीत किलोमीटर लिहा, महिन्याला अडीच हजार धरा, बिलावर द्या. बंगल्याची गळती काढणं हाही मंडळीचा खर्च. कोणी प्रेमानं ज्वारीची गोणी किंवा कोंबडी दिली तर ती भेट, ती पगारातून वजा करायची नाही. लग्न, अंत्यविधी, घरभरणीला लोक पाकीट देतात ते पाळकांचं की मंडळीचं, हेही आधीच ठरवा. आमच्याकडे ते पाळकांचं आहे, पण त्यांनी ते मागायचं नाही आणि गरिबाकडून घ्यायचं नाही.

पाळकांनीही दशांश द्यावा. गणना १८ मध्ये लेव्यांना, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्या वंशाला, मिळालेल्या दशांशातून त्यांनी पुन्हा दहावा भाग द्यायचा असं आहे. आणि दशांश फक्त पाळकांसाठी नसतो हेही विसरू नका, अनुवाद १४ मध्ये तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परदेशी, पोरका आणि विधवा या सगळ्यांसाठी आहे. म्हणून जमेतला ठरलेला भाग, आम्ही दहा टक्के ठेवलाय, गरिबांच्या फंडात आपोआप जातो. त्यातून मदत द्यायला तीन जणांची सही, आणि कर्ज म्हणून कोणालाच काही द्यायचं नाही. पाळकांना अडचण आली तर एका महिन्याच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम, दरमहा थोडी थोडी कापून. त्यापेक्षा जास्त लागलं तर मंडळीनं वेगळं दान गोळा करावं.

कागदपत्रं, थोडक्यात पण टाळू नका

मंडळी जर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेली असेल तर हिशोब ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ऑडिट व्हायला पाहिजे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल. हे टाळल्यामुळं कितीतरी मंडळ्यांच्या कागदावर अजून वारलेल्या माणसांचीच नावं आहेत आणि मग बँकेत सही कोणाची यावर भांडण. मंडळीची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, पगार द्यायला सुद्धा नाही.

नोंदणी नसेल तर करून घ्या, पॅन काढा, मंडळीच्या नावानं खातं उघडा, तिघांतल्या कोणत्याही दोघांच्या सहीचं. पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या सेव्हिंग खात्यात दान जमा करणं आजच थांबवा. आता सगळे फोनवरून पैसे पाठवतात, तर देवळाच्या दारात चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे ते स्वतः दहा रुपये पाठवून तपासा. तो पाळकांच्या मोबाईल नंबरचा असेल तर मंडळीचा पैसा आणि त्यांचा पैसा वेगळा करताच येणार नाही, आणि उद्या आयकर खात्यानं विचारलं तर ते सगळं त्यांचंच उत्पन्न दिसेल.

पगाराला "सेवाभेट" किंवा "मानधन" नाव दिलं म्हणून कर चुकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि फादरांच्या पगारातूनही टीडीएस कापला जाईल असंच सांगितलं. आपल्या छोट्या मंडळीतला पगार कराच्या मर्यादेत येतही नसेल, पण पगारपत्रक आणि सही ठेवा, पाळकांना मुलांच्या शिक्षणाचं कर्ज काढायला तोच कागद लागतो.

परदेशातून पाहुणे आले आणि जाताना पाळकांच्या हातात डॉलरचं पाकीट ठेवलं तर ते मंडळीसाठी घेऊ नका. परदेशी देणगीला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

आजारपण, म्हातारपण आणि बंगला

याकडे कोणीच बघत नाही. पाळक पंचवीस वर्षं सेवा करतात आणि साठीला त्यांच्या हातात काय असतं, तर एक घड्याळ आणि शाल. पीएफचा कायदा वीस कर्मचारी असलेल्या ठिकाणी लागतो, ग्रॅच्युइटीचा दहा, म्हणून एका पाळकाच्या मंडळीवर बंधन नाही, पण बंधन नाही म्हणून करायचं नाही असं थोडंच आहे. वरच्या उदाहरणातले बचतीचे ते १,५०० रुपये दर महिन्याला पोस्टात त्यांच्या पीपीएफमध्ये टाका, पंधरा वर्षांची मुदत असते, मध्येच बदली झाली तरी खातं त्यांचंच राहतं. वय चाळीसच्या आत असेल आणि आयकर भरत नसतील तर अटल पेन्शन योजना बघा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा, वयाच्या पन्नाशीच्या आत सुरू करावा लागतो, आणि अपघाताचा सुरक्षा विमा फक्त २० रुपयांत दोन लाखांचा. दोन्ही मिळून ४५६ रुपये वर्षाला, हे मंडळीनं भरावेत, गाडीवर रोज पाड्यावर जाणाऱ्या माणसासाठी एवढं तरी. आयुष्मान कार्ड घरातल्या सगळ्यांचं निघालंय का ते खजिनदारानं स्वतः विचारावं. शिवाय ग्रॅच्युइटीच्या हिशोबानं वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, अठरा हजारावर साधारण दहा हजार होतात, वेगळ्या एफडीत ठेवा आणि जाताना द्या.

आणि एक ठराव पाळक धडधाकट असतानाच करून ठेवा. मी एका मंडळीत बघितलंय, पाळक वारले आणि चाळीस दिवसही झाले नाहीत तोच बंगला रिकामा करायची नोटीस, पाळकीणबाई दोन पोरांना घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी भरत होत्या आणि दारात कमिटीचा माणूस कुलूप घेऊन उभा होता. ठरावात असं लिहा: पाळकांचं निधन झालं तर कुटुंब किमान सहा महिने बंगल्यात राहील, मुलांचं शाळेचं वर्ष संपायचं असेल तर ते संपेपर्यंत, त्या काळात पूर्ण पगार चालू राहील, नवीन पाळक आले तर त्यांचं भाडं मंडळी भरेल, आणि सामान हलवायची गाडी मंडळी करून देईल. सगळ्या पंचांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत पाळकीणबाईंच्या हातात द्या.